मित्राने गाडी दुरुस्त करून दिली, तर मजुरी किती द्यावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही इचलकरंजीत एका पतसंस्थेत नोकरी करता. तुमच्या २०१४ च्या वॅगन-आरचा क्लच घसरू लागला होता. चढावर इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी जागची हलायची नाही. तुमचा शाळेपासूनचा मित्र एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक आहे. त्याने एका रविवारी, पुतण्याला हाताशी घेऊन, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत तुमच्या अंगणात गिअरबॉक्स उतरवला आणि क्लचचा पूर्ण सेट बदलून दिला. सामानाचे ६,१५० रुपये तुम्ही दुकानात दिलेत. मजुरीचा विषय काढल्यावर तो म्हणाला, "भावा, तुझ्याकडनं काय पैसे घ्यायचे?" तुम्ही बळेच हजार रुपये पुढे केलेत, ते त्याने तसेच पुतण्याच्या हातात दिले. हेच काम करायला गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी २,८०० आणि ३,५०० रुपये मजुरी सांगितली होती, तर सर्व्हिस सेंटरने ४,६०० रुपये अधिक जीएसटी. आता ब्रेकचे आणि एसीचे काम निघाले आहे, मित्राला सांगायला संकोच वाटतो, त्याला टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) भेट द्यावा असा विचार आहे, आणि रास्त रक्कम किती झाली असती हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

रक्कम आधी सांगतो. मित्राला ३,००० रुपये आणि पुतण्याला वेगळे ५०० रुपये, असे मी दिले असते. पुतण्याचे पाचशे पोचले आहेत, किंबहुना जास्तच पोचले आहेत. मित्राचे तीन हजार अजून तुमच्याकडे देणे आहेत, असे मी स्पष्टपणे म्हणतो. ही रक्कम कशी काढली ते आता सविस्तर लिहितो, कारण आकडा गावागावांत बदलेल, पण तो काढायची रीत बदलणार नाही.

मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षे गॅरेज चालवतो आहे आणि क्लचची कामे किती केली याची मोजदाद ठेवलेली नाही. म्हणून त्या रविवारी तुमच्या अंगणात काय घडले असेल हे मी डोळ्यांसमोर आणू शकतो. वॅगन-आर ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यामुळे तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला आडवा बसवलेला असतो. तो काढायचा तर आधी बॅटरी आणि तिचा ट्रे, मग स्टार्टर, गिअर आणि क्लचच्या केबल, गिअर ऑइल, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि माउंटिंग हे सगळे सोडवावे लागते, आणि इंजिन खाली बसू नये म्हणून त्याला खालून आधार द्यावा लागतो. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून, गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर घेऊन हे काम उभ्याने होते. अंगणात गाडी घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी आधारांवर) ठेवलेली असते, माणूस पाठीवर झोपलेला असतो आणि गिअरबॉक्स परत चढवताना एकाने तो छातीवर आणि हातांवर पेलायचा, दुसऱ्याने वरून शाफ्टची खाच क्लचप्लेटच्या खाचेत बसते का ते पाहत हलके हलके ढकलायचे, असा प्रकार असतो. प्लेट मध्यावर नेमकी बसवलेली नसेल तर ती खाच जुळतच नाही आणि सगळे पुन्हा उघडावे लागते. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका ओळीने आवळून चालत नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे लागतात, नाहीतर प्लेट वाकते आणि पुढे क्लच थरथरतो. फ्लायव्हीलवर (क्लचप्लेट जिला घासते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) जळाल्याचे निळे डाग असतील, तर फ्लायव्हील उतरवून लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, न्यायचे की आहे तसेच चालवायचे, हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर नवा सेट काही महिन्यांत जातो.

हे वर्णन एवढ्यासाठी केले, की "रविवारचा दिवस गेला" या तीन शब्दांत त्या दिवसाची किंमत कळत नाही. तुमच्या मित्राने वेळ तर दिलाच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयटीआयमधली दोन वर्षे आणि त्यानंतर पाने हातात घेऊन काढलेली सगळी वर्षे त्याने त्या अंगणात वापरली, आणि तीही लिफ्टशिवाय.

आता हिशेब. अशा कामाची रास्त मजुरी काढताना मी दोन कडा ठरवतो आणि त्यांच्या मध्ये रक्कम शोधतो. खालची कडा म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवसाचे मोल. समजा त्याला महिन्याला २४,००० रुपये पगार आहे. सव्वीस दिवसांनी भागले तर रोज सुमारे ९२३ रुपये होतात. जादा कामाला दुप्पट दर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; १९४८ च्या कारखाने कायद्यातही ती होती. ती इथे लावली तर १,८४६ रुपये होतात, आणि पुतण्याचे ५०० धरले तर २,३४६. याच्या खाली गेलात, तर त्याने तुमच्यासाठी आपल्या घरचा रविवार नोकरीपेक्षा स्वस्तात विकला, असा त्याचा अर्थ होतो. वरची कडा म्हणजे तेच काम बाहेर करून घेतले असते तर तुम्ही दिली असती ती मजुरी, म्हणजे तुमच्या बाबतीत ३,५०० रुपये. सर्व्हिस सेंटरचे ४,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८२८, मिळून ५,४२८ रुपये, हा आकडा तुलनेला घेऊ नका. त्यात इमारतीचे भाडे, रिसेप्शन, गाडी धुणे, कंपनीची वॉरंटी आणि सरकारचा कर आहे. त्यांतले काहीच तुमच्या अंगणात नव्हते. उलट २,८०० वाला गॅरेजमालक कोणाच्या हातून काम करून घेतो, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमचा मित्र रोज याच कंपनीच्या गाड्या उघडतो हे ठाऊक आहे. म्हणून मी वरच्या कडेकडे झुकतो आणि दोघांचे मिळून ३,५०० वर थांबतो.

पुष्कळ जण इथे एक मुद्दा काढतात, आणि तो वरवर बरोबर वाटतो: गॅरेजच्या मजुरीत भाडे आणि वीज असते, मित्राला ते नाही, मग त्याला निम्मे का देऊ नये? याचे उत्तर असे, की त्याला भाडे नाही तशी लिफ्टही नाही, आणि त्यामुळे चार-पाच तासांचे काम आठ तासांवर गेले. पाने, गोटी पान्यांचा सेट, जॅक आणि घोड्या त्याने स्वतःच्या पैशांतून हळूहळू जमवलेल्या आहेत. गॅरेजला जो खर्च भाड्यात येतो, तो त्याला पाठीत आणि वेळेत येतो.

मैत्रीत मजुरी कशाला, असे तुमच्या घरी कोणी म्हणत असेल, तर माझी एक गोष्ट सांगतो. गॅरेज सुरू केल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका जिवलग मित्राच्या मारुती ८०० चे हेड गॅस्केट गेले. मी हेड उतरवले, उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून आणले, व्हॉल्व्ह घासून बसवले, आणि तीन दिवस दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला ठेवून त्याची गाडी त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या आधी उभी केली. फेसिंगचे पैसेही मीच भरले. पैशांचे बोलणे मी काढले नाही आणि त्यानेही काढले नाही. लग्नानंतर तो लाडूंचा पुडा घेऊन आला आणि पुढच्या महिन्यात क्लचच्या केबलसाठी पुन्हा आला. त्यानंतर त्याचा फोन आला की मी पोऱ्याला सांगायचो, बाहेर गेलोय म्हणून सांग. असे चार वर्षे चालले. त्या माणसाचा काहीही दोष नव्हता. मला पैसे हवे होते हे त्याला कधी कळलेच नाही, कारण मी सांगितले नाही. शेवटी त्याच्या वडिलांच्या आजारपणात भेट झाली तेव्हा मी हे सगळे बोलून टाकले, आणि तो एवढेच म्हणाला, "एकदा म्हणाला असतास, तर मी दिले नसते का रे?" त्याचे खरे होते. तुमचा मित्र आज नाही म्हणतो आहे, त्याचा अर्थ त्याला नको आहे असाच असेल, असे धरून चालू नका. आमच्या धंद्यातल्या माणसाला मित्राकडे पैसे मागता येत नाहीत. ते न मागता पुढे यावे लागतात.

आपल्याकडे एकमेकांच्या उपयोगी पडण्याच्या रीती जुन्या आहेत आणि त्यांत फरकही नीट केलेला आहे. शेतात सावड चालते, कारण आज मी तुझ्या रानात राबलो तर उद्या तू माझ्या रानात राबतोस. दोघांकडे देण्यासारखे तेच असते. इर्जिकीत बैल आणि माणसे घेऊन शेजारी येतात आणि यजमान पोटभर जेवण घालतो. तिथेही प्रत्येकाची पाळी कधी ना कधी येते. गावचा लोहार आणि सुतार मात्र सावडीत नव्हते. त्यांना खळ्यावर बलुते मिळायचे, कारण शेतकऱ्याला त्यांचे काम त्यांच्याच मापात फेडता येत नव्हते. तुम्ही आणि तुमचा मित्र यांच्यातला व्यवहार लोहाराच्या जातकुळीचा आहे, सावडीचा नाही. तुम्ही त्याचा गिअरबॉक्स उतरवू शकणार नाही. त्या दिवशी तुमच्या आईने त्याला केलेले जेवण हा पाहुणचार होता आणि तो व्हायलाच हवा होता, पण त्याला मजुरीत धरू नये.

सावड करायचीच असेल, तर ती खऱ्या मापाने करा. तुम्ही पतसंस्थेत आहात. त्याचे आयकर विवरणपत्र, घराच्या कर्जाची कागदपत्रे, कदाचित उद्या तो स्वतःचे गॅरेज काढील तेव्हा त्याचे हिशेब, ही कामे तुम्हाला येतात आणि त्याला बाहेर पैसे देऊन करून घ्यावी लागतात. मात्र दोन्हीकडे बाजारभाव आधी बोलून घ्या. "मी तुझे विवरणपत्र भरतो, बाहेर त्याचे हजार पडले असते, ते या कामात वळते कर," असे उघड बोलले तर ती सावड झाली. न बोलता मनात वळते केले, तर दोघांच्या मनात दोन वेगळे आकडे राहतात.

सवलतीबद्दल माझे मत ठाम आहे. सवलत देणे हा कारागिराचा हक्क आहे; ती गृहीत धरण्याचा हक्क मित्राला नाही. तुम्ही पूर्ण रक्कम पुढे करा. त्यातले पाचशे त्याने परत दिले, तर आनंदाने घ्या आणि वाद घालू नका, कारण ती त्याची भेट आहे, आणि भेट नाकारली की तोही दुखावतो. पण पहिला आकडा तुम्हीच कमी सांगितला, तर त्याच्याकडून भेट देण्याची संधीच काढून घेतलीत.

पैसे दिल्याने दुसरीही एक गोष्ट सरळ होते, आणि ती तुमच्या फायद्याची आहे. समजा दोन महिन्यांनी क्लच थरथरू लागला. फुकट केलेल्या कामात तुम्ही तक्रार करणार नाही, गाडी गुपचूप दुसऱ्या गॅरेजात नेणार, आणि ते त्याला कळले की तो दुखावणार. मजुरी दिलेली असेल, तर तीन गोष्टी आधीच ठरवता येतात. जोडणीत चूक राहिली असेल, तर तो पुन्हा खोलून देईल आणि त्याची मजुरी घेणार नाही. नवा भाग सदोष निघाला, तर दुकानदाराकडून बदलून मिळेल, म्हणून बिल आणि खोके जपून ठेवायचे. मात्र पुन्हा काम करायची मजुरी त्याला द्यायची. आणि शेजारचा जुना भाग, उदाहरणार्थ ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील, वयामुळे गळू लागला, तर तो खर्च तुमचा. आमच्या गॅरेजमध्येही हाच नियम आहे आणि त्यावरून भांडण झालेले मला आठवत नाही.

किरकोळ गोष्टींना मात्र पैसे लावू नका. चहा पिताना त्याने बॉनेट उघडून पट्ट्याचा आवाज ऐकला, जुनी गाडी घ्यायची म्हणून तुमच्याबरोबर येऊन एक फेरी मारली, फोनवर एखादी शंका सांगितली, हे मित्र म्हणून चालते. माझी मर्यादा सोपी आहे: पाना हातात घेतला की काम सुरू झाले. फक्त दोष शोधण्याचे काम मात्र वेगळे धरा. वायरिंगमधला दोष शोधायला कधी कधी अख्खी दुपार जाते आणि शेवटी बॉडीला आवळलेला अर्थिंगचा एक गंजलेला बोल्ट घासून पुन्हा लावला की गाडी सुरू होते. त्या दुरुस्तीला दहा मिनिटे लागली म्हणून दहा मिनिटांचे पैसे देऊ नका, दुपारचे द्या.

त्याच्या नोकरीचाही विचार करा. अनेक सर्व्हिस सेंटरमध्ये बाहेर खासगी काम करायला मनाई असते. तसे असेल तर गाडी त्याच्या कामाच्या ठिकाणी नेऊन "जरा बघ" म्हणू नका, तिथला स्कॅनर किंवा टॉर्क रेंच घरी आणायला सांगू नका, आणि सेंटरला आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्याचे नाव सुचवू नका. तुमच्या अंगणात पुन्हा काम होणार असेल, तर चांगल्या घोड्यांची एक जोडी तुम्ही विकत घेऊन ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी तिच्याखाली शिरू नये, आणि ही व्यवस्था करणे गाडीमालकाचे काम आहे. क्लच किंवा ब्रेकची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पूर्वीच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे आणि स्वस्त मालात आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

आता राहिलेले तीन हजार कसे द्यायचे? चारचौघांत खिशात कोंबू नका, लग्नाच्या आहेरासारखे पाकीट करू नका, आणि त्याच्या नकळत वहिनींच्या किंवा मुलांच्या हातात तर मुळीच ठेवू नका. त्यामुळे त्याच्या शब्दाला त्याच्याच घरात किंमत राहत नाही. दोघेच असताना त्याला सांगा: "बाहेर मला साडेतीन हजार पडले असते, म्हणजे तू माझ्यासाठी तेवढ्याचे काम केलेस. हे घेतलेस तर पुढचे काम तुलाच सांगता येईल. नाही घेतलेस तर मला लाजेने दुसरीकडे जावे लागेल." हे धमकीच्या सुरात नको, पण खरे असू द्या, म्हणजे तो पुन्हा नाही म्हणाला तर ब्रेकचे काम खरोखरच दुसरीकडे द्या. माझ्या अनुभवात, एवढे स्पष्ट बोलल्यावर फारसे कोणी नाही म्हणत नाही. फारच आढेवेढे घेतले, तर तिथेच फोनवरून रक्कम पाठवा आणि सोबतच्या ओळीत "क्लच मजुरी" असे लिहा, म्हणजे ती मदत किंवा उसने पैसे वाटणार नाहीत. त्याला टॉर्क रेंच भेट द्यायचा तुमचा विचार चांगला आहे; तो दिवाळीला द्या, मजुरीच्या बदल्यात नको.

पुढच्या दोन कामांपैकी एसीचे काम त्याला सांगू नका. त्याला गळती शोधायचे साधन, व्हॅक्यूम पंप आणि वजनाने गॅस भरायचे यंत्र लागते, आणि उरलेला गॅस हवेत सोडून देणे योग्य नाही. ते एसीच्या दुकानातच होऊ द्या. फार तर कोणत्या दुकानात न्यावे एवढे त्याला विचारा. ब्रेक पॅडचे काम मात्र अंगणात नीट होते: कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावणे, डिस्कची जाडी बघणे, मागचे ड्रम उघडून लायनर तपासणे, असे मिळून दीड-दोन तास धरा. त्यासाठी आधी गावात दोन ठिकाणी मजुरी विचारा, त्यांतला वरचा आकडा त्याला फोनवरच सांगा, आणि त्याला जमणारा दिवस त्याला निवडू द्या. रविवारच हवा असा आग्रह नको. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट होऊ द्यावे लागते, ते तो करीलच. मग एक फेरी मारताना तुम्ही शेजारी बसा, ब्रेक नीट लागतात ना हे दोघांनी मिळून पाहा, आणि परत आल्यावर तो हात धुऊन चहाला बसला की ठरलेली रक्कम तेव्हाच त्याच्या हातात द्या.